ओसरीवरचे बोलणे

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली काचेचा एक सूचनाफलक आहे. आत हिरवे बनात ताणून बसवलेले आहे, कडेने पत्र्याची चौकट आहे आणि खालच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढे कुलूप आहे; त्याची किल्ली सचिवांच्या जुडग्यात असते. गेल्या पावसाळ्यात इमारतीच्या पुनर्विकासासाठी तीन विकासकांचे प्रस्ताव आले, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वहीच्या पानावर चार ओळींचा एक प्रश्न लिहिला. प्रस्तावांत दाखवलेल्या चटईक्षेत्रात बाल्कनी धरली आहे की नाही, आणि तिघांचे आकडे एकाच मापाने मांडून सभासदांना का दिलेले नाहीत, एवढेच त्यांना विचारायचे होते. काकूंनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आहे. एकक न लिहिलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

फलक केवळ कार्यालयीन सूचनांसाठी आहे, असे सचिवांनी सांगितले. तेव्हा काकूंनी ते पान काचेच्या बाहेरच्या बाजूला चिकटपट्टीने लावले. संध्याकाळी मी दूध घेऊन परतलो तेव्हा पान नव्हते. चारही कोपऱ्यांच्या जागी चिकटपट्टीचे फाटके तुकडे मात्र काचेला तसेच चिकटलेले होते. दुसऱ्या दिवशी काकूंनी तोच प्रश्न सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. चष्मा कपाळावर सरकवून, एकेक अक्षर शोधत, त्यांनी तो बहुधा अर्ध्या तासात टाइप केला असेल. त्यांना ग्रुपमधून काढायला त्याहून कमी वेळ लागला. त्यानंतर काही मिनिटांतच कार्यकारिणीच्या एका सदस्याने लिहिले की, काही सभासद बाहेरच्या लोकांशी संधान बांधून कामात खीळ घालत आहेत. नाव लिहिले नव्हते आणि लिहिण्याची गरजही नव्हती. मी वर जाऊन काकूंना तो मजकूर वाचून दाखवला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, ‘मग आता मी याचे उत्तर कुठे देऊ?’

त्या प्रश्नाने मला पुढचे अनेक दिवस स्वस्थ बसू दिले नाही. मी ग्रुपवर आक्षेप घेतला तेव्हा एकाने उत्तर दिले की, हा ग्रुप खाजगी आहे, ज्याने काढला तो त्याचा मालक आहे आणि पटत नसेल त्याने दुसरा काढावा. दुसऱ्याने तावातावाने संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाचा दाखला दिला. ही दोन वाक्ये आज आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक वादात समोरासमोर उभी राहतात. माझ्या मते दोन्ही अपुरी आहेत, आणि दोन्हींच्या मधली जागा आपण नीट पाहिलेलीच नाही.

आधी संविधानाचे पाहू. अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला भाषणाचे आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो आणि त्याच अनुच्छेदाचा दुसरा खंड देशाची सार्वभौमता, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी अशा आठ कारणांसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा देतो. परंतु ही सगळी मांडणी नागरिक आणि राज्यसंस्था यांच्यातली आहे. सरकारने माझे तोंड बंद केले तर मी न्यायालयात जाऊ शकतो. शेजाऱ्याने त्याच्या दिवाणखान्यात माझे बोलणे थांबवले तर जाऊ शकत नाही, आणि जाता येऊही नये. सहकारी गृहनिर्माण संस्था कायद्याखाली नोंदलेली असली, तरी तेवढ्याने ती ‘राज्य’ ठरत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कौशल किशोर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने, एकोणिसाव्या आणि एकविसाव्या अनुच्छेदांतील हक्क राज्यसंस्थेखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतील, असे म्हटले आहे हे खरे. पण त्या निकालातून आमच्या जिन्याखालच्या फलकापर्यंत येणारी वाट मला तरी दिसत नाही.

मालक खुद्द सरकार असले तरी प्रत्येक जागा बोलण्यासाठी खुली होत नाही. १९६९ मध्ये रेल्वे मंडळ विरुद्ध निरंजन सिंग या खटल्यात रेल्वेच्या आवारात सभा घेणाऱ्या कर्मचाऱ्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. न्यायालयाने सांगितले की, नागरिकांना बोलण्याचे आणि जमण्याचे स्वातंत्र्य आहे याचा अर्थ ते मनाला येईल त्या जागी बजावता येईल असा होत नाही, आणि आपल्या आवाराच्या बाबतीत रेल्वेचे स्थान एखाद्या खाजगी मालकासारखेच आहे. रस्त्याची गोष्ट मात्र निराळी ठरली. अहमदाबादच्या हिंमतलाल शहा यांच्या प्रकरणात १९७२ मध्ये न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याचा हक्क मान्य केला. वेळ, जागा आणि वाहतूक यांचे नियमन पोलिसांनी करावे, पण वाटेल तेव्हा परवानगी नाकारण्याचा मोकळा अधिकार त्यांना देणारा नियम टिकणार नाही, असे ठरवले. रस्ता लोकांचा आणि आवार मालकाचे, अशी ही साधी विभागणी आहे. रस्ता शाबूत असेपर्यंत ती चालतेही.

गिरणगावात ती चालत होती. गिरणीच्या आत कामगाराने भाषण करायचे नाही हे मालकाने ठरवले, म्हणून सभा फाटकाबाहेर झाली, आणि तिला आपल्या भाषेने ‘द्वारसभा’ असा नेमका शब्द दिला. पाळी सुटण्याच्या वेळी वक्ता फाटकासमोर उभा राहत असे. आत जाणारे आणि बाहेर येणारे दोघेही त्याच्यासमोरून जात असल्यामुळे ज्यांना ऐकवायचे तेच समोर असत. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपाच्या आधीची अनेक वर्षे अशा द्वारसभांनी घडवलेली होती. आज लोअर परळला त्यांतल्या कित्येक गिरण्यांच्या जागी मॉल, कार्यालये आणि उंच निवासी मनोरे आहेत. तिथले दार आता फूटपाथवर उघडत नाही. दाराआधी वाहनतळ आहे, कारंजे आहे, फरसबंद चौक आहे, आणि ते सगळे मालकाच्या आवारात येते. तिथे शेकडो माणसे कामाला आहेत, हजारो येतात-जातात, बसतात, खातात. पण त्या दुकानांत काम करणाऱ्या मुलीने पगाराविषयीचे एक पत्रक वाटायचे म्हटले, तर तिला सुरक्षारक्षक रस्त्यापर्यंत नेऊन सोडेल, आणि तो रस्ता म्हणजे उड्डाणपुलाखालची वाहती गर्दी असेल. द्वारसभेवर बंदी कोणी घातली नाही. तिचे दार तेवढे नाहीसे झाले.

हा पेच अमेरिकेत बराच आधी न्यायालयात गेला, कारण तिथे आख्खी गावे कंपन्यांच्या मालकीची होती. अलाबामा राज्यातले चिकसॉ हे गाव एका जहाजबांधणी कंपनीचे होते. रस्ते, दुकाने, सांडपाण्याची व्यवस्था, सगळेच. तिथल्या पदपथावर धार्मिक पत्रके वाटणाऱ्या ग्रेस मार्श यांना कंपनीची परवानगी नाही म्हणून अटक झाली. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि सांगितले की, मालक आपल्या फायद्यासाठी जागा जितकी लोकांना खुली करतो, तितके त्याचे हक्क ती वापरणाऱ्यांच्या हक्कांनी मर्यादित होतात. पुढे मॉलच्या बाबतीत हेच न्यायालय मागे हटले आणि १९७६ पर्यंत ते दार त्याने जवळजवळ बंद केले. तरीही कॅलिफोर्नियाने आपल्या राज्यघटनेच्या आधारे वेगळी वाट काढली. कॅम्पबेल गावातल्या प्रुनयार्ड नावाच्या मॉलच्या चौकात शाळकरी मुलांनी टेबल मांडून एका अर्जावर सह्या गोळा करायला सुरुवात केली होती आणि रक्षकाने त्यांना उठवले होते. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याने मुलांना दिलेला हक्क उचलून धरला. त्या निकालातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो: मुलांची मते आपली नाहीत, असा फलक मालकाने खुशाल लावावा, त्याला कोणी अडवलेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे मालकाचे तोंडही उघडे राहिले आणि मुलांचे टेबलही.

आपल्याकडे अशा जागेसाठी फार जुना शब्द आहे. आजोळच्या घराला ओसरी होती. ती घराच्या मालकाचीच होती, सारवणे आणि कौले परतणे त्याच्याच माथी होते; पण पोस्टमन तिथे न विचारता टेकत असे, कासार बांगड्यांचा हारा तिथेच उतरवत असे, आणि दोन भावांतला बांधाचा तंटा तिथेच पाच जणांसमोर बोलला जात असे. माजघरात मात्र बोलावल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नसे. मालकी एकच असली तरी ओसरीचा रिवाज वेगळा आणि माजघराचा वेगळा होता, आणि दोन्ही सगळ्यांना ठाऊक होते. हे लिहिताना मला त्या ओसरीची दुसरी बाजू झाकायची नाही. काही माणसे त्या ओसरीवर कधीच चढली नाहीत. ती अंगणात, पायरीपासून दूर उभी राहूनच बोलत, आणि त्यांनी तिथेच उभे राहावे असेही तो रिवाजच सांगत होता. जागेचा मालक काय करू शकतो हे ज्यांनी खऱ्या अर्थाने सोसले, ते हे लोक आहेत.

म्हणून या विषयावर विचार करताना मला महाड टाळता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेले हजारो लोक चवदार तळ्याचे पाणी प्यायले. तळे नगरपालिकेने ठरावाने सर्वांना खुले केलेले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरणार असे जाहीर झाल्यावर गावातल्या सवर्णांनी कोर्टात धाव घेतली, आणि तिथे त्यांनी धर्माचा आधार घेतलाच, पण मालकीचाही घेतला: तळे सार्वजनिक नसून आपल्या खाजगी मालकीच्या स्वरूपाचे आहे, असा त्यांचा दावा होता. कोर्टाने तात्पुरती मनाई दिली. परिषदेच्या मंडपासाठी जागा द्यायला सवर्णांपैकी कोणी तयार होईना, आणि दुकानदारांनी माल देण्याचे नाकारल्यामुळे धान्य बाहेरून आणावे लागले. धरमतरवरून जावे तर मोटारमालक ऐन वेळी नेण्याचे नाकारतील, म्हणून बाबासाहेब बोटीने दासगाव बंदरावर उतरले, की वाहन मिळाले नाही तरी तिथून चालत महाडला पोहोचता यावे. सरकारने बोलण्यावर बंदी घातली नव्हती. जागेचा मालक, दुकानाचा मालक आणि मोटारीचा मालक यांनी, प्रत्येकाने आपापल्या हक्काच्या चौकटीत राहून, ती घालून दाखवली होती. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली आणि मंडप तिच्यावर उभा राहिला. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत. तळ्याचा दावा मात्र नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले, तेव्हा कुठे तो संपला.

फत्तेखानांची गोष्ट दोन्ही बाजूंनी बोलते, म्हणून ती मला सोडवत नाही. खाजगी मालकी हे तोंड बंद करण्याचे हत्यार झाले होते, आणि ते तोंड उघडे राहिले तेही एका माणसाच्या खाजगी मालकीमुळेच. साऱ्या जागा सरकारच्या असत्या तर त्या डिसेंबरात मंडप उभा राहिला असता का, याची मला शंका आहे. ब्रिटिश सरकारला हे चांगले कळत होते. राजद्रोही सभांना आळा घालण्यासाठी १९०७ साली जो कायदा झाला, त्यात सभा खाजगी जागेत भरली तरी ती ‘सार्वजनिक सभा’ ठरू शकेल, अशी व्याख्याच करून ठेवलेली होती, कारण लोक वाड्यांत जमून बोलत होते. तेव्हा मालकाचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क काढून घ्या, असे जे सरसकट म्हणतात त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. जो ‘नाही’ म्हणू शकतो, तोच सगळे गाव ‘नाही’ म्हणत असताना ‘हो’ म्हणू शकतो.

आणि मी स्वतःही एका जागेचा मालक आहे. सकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्या आम्हा चाळीसेक जणांचा एक ग्रुप मी काढलेला आहे. दोन वर्षांपूर्वी त्यात एका सद्गृहस्थाने एका समाजाच्या बायकांविषयी इतके गलिच्छ लिहिले की, ते वाचून आमच्यातल्या एक बाई दुसऱ्या दिवसापासून टेकडीवर यायच्या बंद झाल्या. मी त्या गृहस्थाला ते काढायला सांगितले, त्याने ‘अभिव्यक्ती’ हा शब्द पुढे केला, आणि मी त्याला काढून टाकले. त्याचा मला पश्चात्ताप नाही. त्याला त्याचे मत मांडायला जग मोकळे होते. माझ्या ग्रुपवर ते मांडू देण्याचे बंधन माझ्यावर नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, समान इराद्याचा पुरावा नसेल तर सदस्याच्या मजकुराचा गुन्हा अ‍ॅडमिनच्या माथी मारता येत नाही. तरीही मी गप्प बसलो असतो, तर त्या बाई परत आल्या नसत्या, आणि त्याला जबाबदार मीच ठरलो असतो, कायदा काहीही म्हणो.

मग मी जे केले आणि आमच्या कार्यकारिणीने जे केले त्यात फरक कोणता? हा प्रश्न मी स्वतःला पुनःपुन्हा विचारला, आणि त्याचे उत्तर मला अहमदाबादच्या एका जुन्या खटल्यात सापडले. ग्राहक चळवळीतले मनुभाई शहा यांनी आयुर्विमा महामंडळ विमेदारांवर कसा अन्याय करते, हे आकडेवारीनिशी मांडणारा एक निबंध प्रसिद्ध केला. महामंडळाच्या एका अधिकाऱ्याने ‘द हिंदू’मध्ये त्याचे खंडन केले, शहा यांनी त्याच दैनिकात प्रत्युत्तर दिले, आणि दोन्ही बाजू वाचकांपुढे आल्या. इथवर सगळे यथास्थित होते. त्यानंतर महामंडळाने आपल्या ‘योगक्षेम’ या नियतकालिकात अधिकाऱ्याचा लेख छापला आणि शहा यांचे उत्तर छापायला नकार दिला. हे आमचे घरचे नियतकालिक आहे, असे कारण सांगितले. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, महामंडळ ही राज्यसंस्था आहे, नियतकालिक लोकांच्या पैशावर चालते, वर्गणी भरणाऱ्या कोणालाही ते मिळते, आणि वादाची एकच बाजू वाचकांना देणे न्याय्य नाही. उत्तर त्याच नियतकालिकात छापले पाहिजे. महामंडळ सरकारी असल्यामुळे हा निकाल शक्य झाला, हे मला मान्य आहे. आमची सोसायटी त्या व्याख्येत बसत नाही. परंतु शहा यांनी मागितले ते किती थोडे होते हे पाहा. त्यांनी ‘योगक्षेम’मध्ये हवे ते लिहिण्याचा हक्क मागितला नव्हता. जिथे आपल्याविरुद्ध बोलले गेले तिथेच, त्याच श्रोत्यांपुढे उत्तर देता यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

फिरायला जाणाऱ्यांच्या माझ्या ग्रुपवर कोणाच्या घराचा निर्णय होत नाही. तिथून काढलेल्या गृहस्थाविषयी नंतर तिथे कोणी एक शब्दही लिहिला नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र विकासकांचे प्रस्ताव पाठवले जातात, सभेच्या तारखा ठरतात, कोण अनुकूल आणि कोण प्रतिकूल याचे अंदाज घेतले जातात, आणि मग सभेत हात वर होण्याआधीच बरेचसे ठरून गेलेले असते. ज्या दिवशी कार्यकारिणीने पहिला प्रस्ताव तिथे पाठवला, त्या दिवशी तो ग्रुप कोणाचे माजघर राहिला नाही. ती ओसरी झाली. सहकार कायदा सभासदाच्या बाबतीत किती सावध आहे, हे इथे आठवावे. त्याच्या कलम ३५ प्रमाणे सभासदाला संस्थेतून काढायचे असेल तर सर्वसाधारण सभेत हजर असलेल्यांचे तीन चतुर्थांश बहुमत लागते, त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि इतके होऊनही निबंधकांची मान्यता मिळेपर्यंत ठराव अमलात येत नाही. त्याच सभासदाला, त्याच्याच घराविषयी चाललेल्या बोलण्यातून बाहेर काढायला एका माणसाचा एक अंगठा पुरला.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हेच लाखोपटीने घडते. ऑक्टोबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले, आणि कारण होते त्यांनी वर लावलेले एक छायाचित्र. १९३६ साली हॅम्बुर्गच्या गोदीत जहाजाच्या जलावतरणाला जमलेला जनसमुदाय नाझी सलामीसाठी हात पुढे करून उभा आहे आणि गर्दीत एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे, असे ते छायाचित्र. तो माणूस ऑगस्ट लांडमेसर असल्याचे बहुतेक जण मानतात. हुकूमशाहीला नकार देणाऱ्या माणसाचे चित्र द्वेष पसरवणारे ठरवले गेले. हेगडे दिल्ली उच्च न्यायालयात जाऊ शकले. आपल्यापैकी किती जण जाऊ शकतील?

यावर सरकारने काहीच केले नाही असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढण्याआधी वापरकर्त्याला कारण कळवायचे आहे आणि हरकत घेण्याची वाजवी संधी द्यायची आहे. कंपनीच्या निर्णयाविरुद्ध अपील ऐकण्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये तीन समित्याही नेमल्या गेल्या. पहिली गोष्ट मला मनापासून पटते. दुसरीविषयी मला धास्ती वाटते, कारण त्या समित्या केंद्र सरकार नेमते, आणि मालकाच्या मनमानीवरचा उपाय म्हणून आपण सरकारला दारात उभे करतो तेव्हा ते दारातच थांबेल याची हमी नसते. त्याच काळात केंद्राने आपल्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा आहे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याच एका कक्षाला दिला होता; मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर तो नियम रद्द झाला. पालघरही फार जुने नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असे फेसबुकवर विचारणाऱ्या एका मुलीला आणि ते आवडल्याचे दर्शवणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पोलिसांनी अटक केली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरले. त्या दोन मुलींना फेसबुकच्या मालकाने नव्हे, राज्यसंस्थेने गप्प केले होते, आणि हे विसरून चालणार नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे, आणि ती लहानच राहावी असे मला वाटते. माजघर मालकाचे राहू द्या. तिथे कोणाला बसवायचे हे त्याने एकट्याने ठरवावे. परंतु जी जागा त्याने स्वतःहून सर्वांसाठी उघडली आहे, जिथे सर्वांच्या हिताचा निर्णय शिजतो आहे, तिथे नियम आधी लिहून ठेवावेत, कोणाला उठवायचे तर कारण सांगावे, आणि ज्याच्याविषयी बोलायचे त्याला तिथेच उत्तर देऊ द्यावे. जागा त्याची आहे हे नाकारण्याचे इथे काही कारण नाही. कॅलिफोर्नियातल्या त्या मॉलमालकाप्रमाणे, हे मत आमचे नाही, असा फलक त्याने शेजारी लावावा. बोलणाऱ्याचे पान मात्र काढून घेऊ नये.

काकूंनी अखेर लेखी पत्र दिले आणि सचिवांकडून पोच घेतली. पुनर्विकासाची विशेष सभा जवळच्या शाळेच्या सभागृहात झाली. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयाप्रमाणे या सभेचे चित्रीकरण करावे लागते, म्हणून कोपऱ्यात तिवईवर कॅमेरा होता. काकू उठून त्या कॅमेऱ्याच्या समोर गेल्या आणि वहीचे पान हातात धरून, शाळेत उत्तरपत्रिका वाचून दाखवावी तशा संथ आवाजात त्यांनी चारही ओळी वाचल्या. कोणी अडवले नाही. अध्यक्षांनी लेखी उत्तर देण्याचे मान्य केले. बाहेरच्या लोकांशी संधान बांधल्याच्या आरोपाविषयी काकूंनी काही विचारले नाही. ते ग्रुपवरच विचारायचे, इथे नाही, असे त्या मला नंतर म्हणाल्या. ग्रुपवर त्यांना अजून घेतलेले नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर सूचनाफलकावर लागले. दोन प्रस्तावांत बाल्कनी धरली आहे आणि तिसऱ्यात धरलेली नाही, असे त्यात लिहिले आहे. कोणी काय विचारले होते ते त्यात नाही. काकूंनी आपला प्रश्न नव्या पानावर पुन्हा लिहिला, खाली तारीख घातली, आणि या वेळी तो स्वतःच्या घराच्या दाराला, नावाच्या पाटीखाली, चार टाचण्यांनी लावला. आमची उद्वाहक अधूनमधून बंद असते, त्यामुळे वरच्या मजल्यांवरच्या माणसांना जिन्यानेच जावे लागते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती दम घ्यायला थांबतात आणि वाचतात.